मायचं अडतीस किलो

९ मार्च, सोमवार
पोटातली गाठ काढायची तर मायचं वजन अडतीस पायजे. आत्ता छत्तीस. एवढ्या अंगाला भूल झेपायची नाही म्हणे डॉक्टर. मी म्हटलं, घालते खाऊ. ते म्हणे, "घाला, पण लवकर घाला. गाठ थांबून राहत नाही." पुढच्या सोमवारी परत जळगावातच दाखवायचं.
मला आठला डाळ मिलवर जायचं. घरात दोघीच आम्ही. मी गेले की माय एकटी, गॅसजवळ तिला उभं राहवत नाही. म्हणजे सगळं तयार ठेवून जायचं.

१० मार्च
पाकिटातला उपमा आणला, थर्मासमधलं गरम पाणी ओतलं की झाला. शेंगदाण्याचे लाडू, तूप जास्त घालून. दुधात केळं फिरवून डब्यात. मायला वाचता येत नाही, झाकणं पाठ करून घेतली. लाल सकाळी, निळं दुपारी, पिवळं चहाच्या टायमाला.
"बठ्ठं, सगळं संपवायचं. लाड नाही."
माय म्हणे, "मी तुले कधी असा धाक नही दिधा."
म्हटलं, म्हणून तर मी अशी काडी राहिले. ती हसली. मला उशीर होत होता.

१२ मार्च, गुरुवार
लाल रिकामं. निळं अर्धं. पिवळं तर उघडलंच नाही. दूध नासलं. ओरडले. इतकी, की शेजारची शकिलाबी दारात आली. तिची शेळी आमच्याच भिंतीला बांधते ती.
"ताई, अक्का बीमार है. घरात मुकादम होते का?"
तू तुझी शेळी बघ म्हटलं.
धुळ्याहून पक्याचा फोन. ताई, ओरडू नको, प्रेमानं भरव. भाऊ माझा, फोनवरून प्रेम करतो. ये ना मग भरवायला. तर सुट्टी नाही.

१४ मार्च
काल तिन्ही रिकामे. आज पण. धुऊन पालथे घातलेले. मायला म्हटलं, बघ, जमतं ना? तिने मान हलवली. ओरडण्याचा गुण येतो म्हणजे.

१६ मार्च, सोमवार
अडतीस! मीच वाकून दोनदा बघितलं काट्यावर. माय घामाने निथळत होती, तरी "थंडी वाजस" म्हणत पदर घट्ट धरून उभी. आजारात होतं असं, मला वाटलं. नर्सने लिहून घेतलं. म्हणे भूल पण वजन बघूनच देतात, म्हणून नीट लिहायचं.
२४ तारीख दिली ऑपरेशनची. पक्या म्हणे, मानलं तुला ताई. मला पण बरं वाटलं. मिलमध्ये पेढे नेले.

१९ मार्च, पाडवा
मिल बंद. मायला तेल लावून आंघोळ घातली. पाठीवर हात फिरवला तर हाडंच. अडतीस कुठे आहे हिच्यात? मन खायला लागलं. नंतर लाडू द्यायला लाल झाकण उघडलं, तर त्या आवाजाने भिंतीपलीकडून शेळी ओरडायला लागली. दाव्याला हिसके देत. बाहेर जाऊन बघितलं. कशी गुबगुबीत झाली होती.
डबे कोण खात होतं ते कळलं.
"माय, काट्यावर काय केलं होतं?"
मग सांगितलं. आतून दुसरं नऊवारी लुगडं नेसली होती. निघताना दोन तांबे पाणी पिली.
"का पण?"
"डबा रिकामा दिसस तं तू वरडस नही."
पुरणपोळी केली होती, तशीच...

पक्याला सांगितलं. तो म्हणे, आता बोलू नको, तारीख जाईल, परत कधी मिळेल. माय पण तेच, "सांगू नको, पोरी." आणि भूल वजनावर देतात त्याचं काय?

२० मार्च
सांगून आले. मिल बुडवली. डॉक्टर माझ्यावर असे तापले की बाहेरच्या बाया बघत होत्या. ऐकून घेतलं. एका लुगड्यावर वजन, साडेछत्तीस. २४ रद्द. पंधरा दिवस दिले. तोवर गाठ वाढली तर? "बघू," म्हणाले.
रिक्षात बसलो. माय माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. शेवटी म्हणे, "वरडी ले ना एकदाची."
नाही म्हटलं.
तेव्हा बोलली, एकलीला घास उतरस नही. गावी, साक्रीकडे, शेतात कायम चार बायांत बसून खाल्लं तिने, सासू, जावा, मजूर बाया. माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून डबे. तिला शेळी बरी वाटली. तोंड तरी होतं समोर.
हे आधी नसतं का सांगता आलं? पण मी विचारलं कधी.

२१ मार्च
मायला मिलमध्ये नेलं. डबे तेच, उपम्याला पाणी चहावालीकडून. दुपारी बाया गोल करून बसल्या. रखमा म्हणे, "आत्या, लेकीचा उपमा राहू द्या, माझं भरीत घ्या. ही घरी पण अशीच खेकसते का?"
माय म्हणे, "आठे कमी शे."
इथे कमीच, म्हणजे घरी जास्त. सगळ्या खो खो. मी सोडून. उपमा संपला, भरीत-भाकरी वरून.
मिलचा मुकादम आला. ही काय धर्मशाळा आहे? डाळीची धूळ किती, म्हातारीला काही झालं तर कोण निस्तरणार? माणूस खडूस, पण खोटं नाही बोलला. हातापाया पडले. पुढच्या शनिवारपर्यंत चालवून घेतो म्हणाला. पुढे?

२४ मार्च, मंगळवार
आज ऑपरेशन झालं असतं.
माय खोकते आहे, धुळीनेच. तोंडाला फडकं बांधलं तर खाताना काढावं लागतं. लाडू मात्र दोन खाल्ले, एक रखमाला द्यायला लावला. शकिलाबीला विचारलं, शनिवारनंतर दुपारी येशील का बसायला. बघते म्हणाली, तिची पण विड्या वळायची कामं असतात.
मिलमधून निघताना माय पोटावर हात दाबून बसलेली दिसली. मला बघितलं तसा काढून घेतला.
"दुखतंय?"
"नही."
तोंडापर्यंत आला होता आवाज. गिळला. तिच्याजवळ खाली बसले आणि परत विचारलं.