भोंग्यातला तो जोड माझा होता

मी चांगदेव गेणभाऊ गुंजाळ, वय ७१, धंदा गळक्या बादल्या व फवारणी पंप कथिलाने झाळण्याचा, राहणार बेल्हे, ता. जुन्नर, जि. पुणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. अक्षर वाकडे आहे, डोके ठिकाणावर आहे. वकिलांचा मसुदा फार गुळगुळीत होता, म्हणून स्वतःच बसलो.

१. राहते घर व दुकान मुलगा सुदर्शन आणि मुलगी अश्विनी यांना निम्मे निम्मे. अश्विनी हक्कसोड देईन म्हणते. तिने देऊ नये.

२. बँकेतील ठेव अश्विनीची. तीन वर्षे तिने मला सांभाळले.

३. पुतण्या दादाभाऊ यास काही नाही. माझी पत्रा कापायची मोठी कात्री त्याने सहा वर्षांपूर्वी नेली, तीच त्याची वाटणी.

४. सुदर्शनची सोल्डर गन, भिंग व राळेची डबी मी जपली आहे. ती त्याचीच, मी देणारा कोण? माझी अॅसिडची बाटली मात्र कोणालाही देऊ नये.

५. उसातून बिबट्या बाहेर आला की वाजणारा भोंगा सुदर्शनने बनवला होता. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याची एक तार सुटली. पोरगा पुण्याला होता. झाळण्याआधी मी बादलीला लावतो तेच अॅसिड लावून तार जोडली. त्याने मला बजावले होते, "आबा, पत्र्याला ठीक हाय, पण सर्किटला अॅसिड नाय चालत. दमट हवेत तांबं खातं ते. राळच लावायची." मी म्हणालो होतो, "तुझी राळ देवापुढं जाळ. माझा जोड बैलानं वढला तरी तुटत न्हाई." जोड छान चकाकला, भोंगा वाजला. मी त्याला सांगितलेही नाही.

श्रावणात, दिवस मावळताना, माझी बायको साळुबाई भोंग्याच्या भरवशावर बांधाला गवत कापत बसली. भोंगा वाजला नाही.

दहाव्याला सगळ्या भावकीसमोर मी सुदर्शनला म्हणालो, "तुझ्या खेळण्यानं आई खाल्ली." तो म्हणाला, "आबा, भोंग्याची पेटी उघडून बघू." मी बघू दिली नाही. त्याच दिवशी तो घर सोडून गेला.

महिन्याने मी पेटी उघडली. त्याचे सगळे जोड जसेच्या तसे होते. माझ्या जोडावर हिरवे साचले होते, तार बोट लावताच गळाली. साळूला मी मारले आणि पाप पोराच्या माथी मारले. लाजेने आजवर बोललो नाही. त्याचा फोन आला की अश्विनीकडे देतो.

६. माझ्या देहाला अग्नी देण्याआधी सुदर्शनला कलम पाच वाचून दाखवावे. ऐकूनही त्याची इच्छा असेल तर अग्नी त्याने द्यावा. तो मागे सरला तर कोणी त्याला बोल लावू नये, अश्विनीने द्यावा. दहाव्याला तेच कलम भावकीसमोर मोठ्याने वाचावे.

७. सह्या करताना साक्षीदार सोहनलालशेठ म्हणाले, "चांगदेवभाऊ, मेल्यावर कशाला? आत्ताच फोन लावा की." लावला. सुदर्शन म्हणाला, "आबा? जेवला का तुमी?" मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. सबब कलम पाच व सहा कायम.

लिहून ठेवणार: चांगदेव गेणभाऊ गुंजाळ (सही)

साक्षीदार:
१. सोहनलाल जेठमल बोरा, व्यापारी, बेल्हे (सही)
२. रुपाली सूरज पिंगट, शेजारीण, बेल्हे (सही)

ठिकाण: बेल्हे
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५