दादाच्या खाडीची मोजणी

२ जानेवारी, सकाळी ६
आजपासून रोजनिशी आणि आजपासूनच खाडीवर पक्षी मोजणं. वीस वर्षं हे काम दादा करायचा. गेल्या मार्चमध्ये ओहोटीला चिखलात उतरला, तो सापडलाच नाही. वनखात्याच्या ऑफिसने बजावलंय, एकतीसपर्यंत आकडे द्या, नाहीतर खाडी संरक्षित यादीतून बाद. मग भराव, मग गोदामं. म्हटलं, आठवड्यात देतो. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतलीय.

३ जानेवारी
पक्ष्यांचा वर्ग एकदम उडाला. अंदाजे चारशे. किंवा नऊशे. दुर्बीणच जुनाट.

७ जानेवारी
चिखलातून शीळ आली. दादा मला जेवायला हाक मारायचा, अगदी तशी. धक्क्यावरचा नावाडी म्हणाला, वाकड्या चोचीचा पक्षी आहे तो. मला ठाऊक होतंच. सर्दी वाटली म्हणून लवकर परतलो.

१२ जानेवारी
सर्दी.

१३ जानेवारी
सर्दी गेली. बाहेर धुकं असावं. खिडकी उघडली नाही.

१९ जानेवारी
उद्या थेट खाडीच्या मुखापर्यंत! वहिनीने विचारलं, भीती वाटते का? मी हसलो. जरा जास्तच हसलो बहुतेक.

२० जानेवारी
दादाचे गमबूट घालून चाळीस पावलं गेलो. समोर चिखलात पावलांचे ताजे ठसे. मुखाकडे जाणारे. परतीचा एकही नाही. तेवढ्यात शीळ. मी पळालो नाही, भरभर चाललो. एक बूट तिथेच राहिला.

२८ जानेवारी
वहिनीला सगळं सांगितलं, तिच्या मनाची तयारी व्हावी म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "ठसे माझे, भाऊजी. रोज पहाटे जाते. येताना नावाडी होडीतून सोडतो." मग म्हणाली, "ह्यांना पाच वर्षं लांबचं दिसत नव्हतं. मी मोजायचे, हे लिहायचे. त्या दिवशी मला ताप होता. एकटेच गेले."
मी दुर्बीण तिच्यासमोर ठेवली.

३१ जानेवारी, संध्याकाळी
वहिनीने मोजलं, मी लिहिलं. मधेच शीळ आली. ती थांबली, चिखलाकडे बघून हळूच "आले हं" म्हणाली आणि पुढचा आकडा सांगितला. माझा आकडा रेघेबाहेर गेला. वारा होता.
फॉर्मवर मोजणाऱ्याचं नाव तिचं घातलं. खाली 'मार्गदर्शक' म्हणून माझं लिहीत होतो, तर ती म्हणाली, "भाऊजी, आधी बेरीज तपासा."
तीन ठिकाणी चुकली होती.