जुन्या तळ्याच्या तळाशी

४ फेब्रुवारी

आज विहिरीत शिंपले निघाले. कोरड्या विहिरीत शिंपले! दादाने खालून बादली पाठवली, मी वर ओतली तर पांढरे, नखाएवढे. बाबा म्हणाले, "शिंपले नकोत, पाणी पाठव." दादा खालून ओरडला, "आधी वऱ्हाडी येतात, मग नवरदेव!" सगळे हसले. मी पण, तोंड वळवून.

वस्तीचा नळ कधीच मेला. टँकर एप्रिलपासून बंद होणार. तोवर या विहिरीला पाणी लागलं नाही तर सगळ्यांनी उठायचं. कुठे जायचं ते कुणी बोलत नाही.

विहिरी खणणं आमच्या घरचंच काम. बाबांचा गुडघा गेल्यापासून खाली दादा उतरतो. मी वर, कप्पीजवळ, दोरावर.

९ फेब्रुवारी

दोरावर मी बरी असते. एक हिसका, बादली ओढ. दोन, थांब. तीन, मला वर घे. तोंड उघडावं लागत नाही.

शाळेत उभं राहून वाच म्हणायचे आणि माझा घसा बंद! वर्ग खिदळायचा. म्हणून सोडली. दादा मला रेडिओ म्हणतो, कारण मी कधी लागतच नाही. पण दोरावर आम्ही दिवसभर बोलतो. आज त्याने उगीचच चार हिसके दिले. चारचा अर्थ काही नाही. मी पण चार दिले.

१४ फेब्रुवारी

शिंपल्यांची बातमी कुठून कुठे गेली! एक मॅडम आल्या. जुन्या मातीवर संशोधन करतात. आल्या तशा दोराच्या झोळीत बसून खाली उतरल्या. दादा म्हणाला, "मॅडम, जेवण हलकं केलंय ना? ओढायला माझी बहीण आहे." त्या जोरात हसल्या. मला आवडल्या.

वर आल्यावर सांगत होत्या — इथे मोठं तळं होतं. चाळीस हजार वर्षांपूर्वी. तेव्हा पाऊस वेगळा, वारा वेगळ्या बाजूचा. काठाला गवत माणसापेक्षा उंच. आणि माणसं. मासे धरणारी, आपल्यासारखीच. मग पाऊस हळूहळू फिरला. "ती पांढरी रेघ दिसते ना, शिंपल्यांची? ते वाईट दिवस. पाणी कमी होत गेलं, शिंपले मेले. त्याच्या वर नुसती धूळ."

दादाने विचारलं, "तेव्हा टँकर यायचा का?"

मी त्या धुळीवरच उभी होते.

२२ फेब्रुवारी

काळा गाळ लागला. ओला नाही, पण गार. वास घाण, काहीतरी कुजल्यासारखा. त्यात कोळसे आणि जळलेले माशाचे काटे. मॅडम खाली उतरून बघून आल्या. चूल आहे म्हणाल्या. त्या माणसांची चूल.

आणि चुलीशेजारी काळ्या गाळात पिवळ्या वाळूचा गोल डाग. खड्डा होता तो, मागून वाळूने भरलेला. तळं आटायला लागलं तसे ते पाण्यामागे खाली खणत गेले, असं मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे आमचेच धंदेवाले!" दादा म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की त्याने बाबांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

मी विचारलं, "मग त्यांना लागलं का पाणी?" माझा आवाज ऐकून सगळेच वळले!

मॅडम म्हणाल्या, "माहीत नाही गं." "पण त्याच्या वरच्या थरांत माणसाची एकही खूण नाही."

२३ फेब्रुवारी

आमच्याकडे रोज सकाळी आधी कंदील उतरतो, मग माणूस. कंदील तळाशी जळत राहिला तर हवा चांगली. विझला तर उतरायचं नाही. आजोबांपासून असंच.

मॅडम म्हणाल्या, थोडे दिवस कंदील नको. विडी नको, धूरच नको. काजळी त्या कोळशावर बसली तर त्याचं वय चुकतं. नमुने घ्यायला त्यांची माणसं येतायत. तोवर वर ताडपत्री टाकून विहीर झाकायची. उजेडाला त्यांनी मोठी बॅटरी दिली.

बाबांनी मान खाजवली. "इतके दिवस कंदील एकदाही विझलेला नाही. होईल निभावणी." दादाने बॅटरी माझ्या डोळ्यांवर मारली. "बघ रेडिओ, सूर्य!"

२६ फेब्रुवारी

दादा गेला.

२ मार्च

लिहिते. नाहीतर डोक्यात तेच तेच होत राहतं.

सकाळी ताडपत्री काढली. मॅडमची माणसं दुपारी येणार होती. त्याआधी खालचा पसारा आवरतो म्हणून दादा उतरला. दोर सोडला. एक हिसका आला, बादली ओढली. तिच्यात अर्धीच माती. मग पहारीचा आवाज, खच्च, खोल. मग काही नाही.

मी वाकून पाहिलं. बॅटरी चालू होती. लख्ख. म्हणून आधी मला काही वाटलंच नाही! उजेड आहे म्हणजे दादा आहे. पण उजेड हलत नव्हता. मी दोन हिसके दिले. चार दिले. मग ओरडले. "दादा!" असा आवाज माझ्यात होता हे मलाच माहीत नव्हतं.

बॅटरीला श्वास लागत नाही.

बाबा धावत आले, तसेच दोराला लटकले. मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. "नको! आधी कंदील!" ते मला मारत होते. "सोड! सोड पोरी!" मी सोडलं नाही. शेजारच्या काकांनी कंदील पेटवून सोडला. अर्ध्यावर विझला. आवाज नाही, काही नाही. असा गेला जसं कुणी डोळा मिटला.

मग बाबा खाली बसले.

दादाला अग्निशमनच्या मुखवटेवाल्यांनी वर काढलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. त्याच्या नखांत काळा गाळ होता. आईने तो काढू दिला नाही.

५ मार्च

आई माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि जाते. आज मावशीला सांगत होती, भिंतीपलीकडे मी आहे हे तिला माहीत होतं — "हिने बापाला सोडलं असतं तर माझं लेकरू वर आलं असतं."

मावशी म्हणाली, "अगं, दोघं गेले असते."

आई म्हणाली, "ते तुला काय ठाऊक?"

मला पण ठाऊक नाही.

११ मार्च

मॅडम आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "माझ्यामुळे झालं." बाबा म्हणाले, "तुम्हाला 'हो' तर आम्हीही म्हणालो होतो." आईने त्यांना पाणी दिलं. घरात तांब्याभरच होतं.

जाताना त्यांनी मला विचारलं, कोळशाचं वय कळलं तर सांगू का. मी मान हलवली. नाही म्हणाले की हो, त्यांना कळलं नसेल.

१६ मार्च

विहिरीला काटेरी कुंपण घातलंय. मी त्याच्या खालून जाते. रोज सकाळी कंदील सोडते. का ते विचारू नये.

आज पण अर्ध्यावर विझला.

२३ मार्च

चार दिवस वारं सुटलंय. कंदील तळापर्यंत जळला. तळ दिसला. दादाची पहार अजून तिथेच उभी आहे, पिवळ्या वाळूत रुतलेली. त्या लोकांच्याच खड्ड्यात. शेवटचा घाव त्याने तिथेच घातला होता.

आता काय उपयोग चांगल्या हवेचा!

२९ मार्च

सामान बांधतोय. परवा काकांचं घर उठलं. टँकरवाला म्हणाला, एकच फेरी उरली. बाबांनी कप्पी उतरवली नाही. असू दे म्हणाले. आईने दादाचे कपडे आधी बांधले, मग सोडले, मग पुन्हा बांधले.

मी मॅडमच्या पांढऱ्या रेघेचा विचार करते. त्या माणसांत पण एखादी बोलत नसेल कुणाशी. जाताना तिने खड्ड्यात वाकून पाहिलं असेल का?

२ एप्रिल

उद्या निघायचं म्हणून शेवटचा कंदील सोडला. नेहमीएवढा दोर संपायच्या आधीच विझला. पण चर्र्र आवाज आला! हवेने विझला की आवाज होत नाही. वर ओढला तर काचेतून निथळत होता.

मी इतकी ओरडले की वस्ती जागी झाली. पहिली आईच आली. अनवाणी, काट्यांतून, माझं नाव घेत. तिला वाटलं, मीच आत पडले.