मोठं दार

मेइजी वर्ष बारावं, मार्च आठ
(बाबांच्या जुन्या पंचांगानं दुसऱ्या महिन्याची सोळा)

प्रिय तोकुसाबुरो दादास,

किनूचा नमस्कार. तुमच्या होक्काइदोत अजून बर्फ असेल. इकडे मुळ्याचं लोणचं यंदा खारट झालंय, मुलं मजेत आहेत, आणि बाबांचा खोकला बरा आहे असं लिहिणार होते. बरा नाही.

तुझं पत्र मिळालं. मेमध्ये येणार, धन्यांच्या जिनया वाड्याच्या मोठ्या दारात बाबांपुढे गुडघे टेकणार, माफी मागणार ती तिथंच. वाचून आनंद झाला. पण दादा, ते दार आता उरलं नाही. अख्खा वाडाच नाही.

पाच वर्षं मी ‘सगळं जागच्या जागी आहे’ लिहीत आले, ते खोटं. धन्यांची कचेरी, तालीमखाना, भिंत, सगळं उतरवलं. तिथं आता तुती आहे, आणि ती आमचीच. दाराच्या फळ्या ह्यांनी रेशीमकिड्यांच्या माडीला लावल्या. दार गेलं म्हटलं की तुला न येण्याला निमित्त मिळेल, ही मला भीती. हट्टीपणात तू बाबांच्या वरताण.

गंमत म्हणजे गावातलं कुणी अजून त्या शेतातून आडवं जात नाही. नसलेल्या भिंतीला वळसा घालतात. पाला तोडणाऱ्या बायकासुद्धा दिंडी दरवाजा होता तिथूनच शिरतात, तेही वाकून! मोठं दार फक्त धन्यांचं, तिथं कुणी पाऊल टाकत नाही. शेजारच्या गावचे टोमणे मारतात, “तुमच्या धन्याला साधा किल्ला नव्हता, आता तर भिंतही नाही. वाकता कुणाला?”

बाबा तर चाळीस वर्षं तिथले पहारेकरी. जहागीर गेली आणि धनी कायमचे तोक्योला निघाले, तेव्हा पालखीमागे रडत तू त्याच दारातून धावलास, आणि बाबांनी सगळ्यांदेखत तुला ‘तू माझा मुलगा नाहीस’ म्हटलं. त्यानंतर घरात तुझं नाव निघालं नाही.

काल त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “किनू, काठी दे.”

“एवढ्या थंडीत कुठं निघालात?”

“तुझ्या शेतात. परवानगी लागते का?”

मी सवयीनं दिंडी दरवाज्याच्या जागी थांबले. ते पुढं गेले. मोठं दार होतं तिथं टोपी काढली आणि मधोमध आत चालत गेले. मग वळून माझ्याकडे बघत उभे राहिले.

“ओरड की,” म्हणाले. “मी त्याच्यावर ओरडलो होतो.”

मी कसली ओरडते! मला रडू आवरेना.

परतताना त्यांना फार धाप लागली. ओट्यावर टेकले आणि म्हणाले, “त्याला लिही, बापानंही तोच गुन्हा केलाय. कुणी कुणाची माफी मागायची ते आल्यावर बघू. मेपर्यंत थांबू नको म्हणावं.”

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, दादा.

यापुढे खरं तेच लिहिणारी तुझी बहीण,
किनू