हॉलमध्ये भिंत घालण्याचा ठराव

ऑकलंड,
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय सेलाताई,

तुला, भावजींना आणि नवरीबाई लेसिएलीला माझा मनापासून नमस्कार. देवाच्या दयेने इथे आम्ही सगळे बरे आहोत. फक्त आत्याचे, म्हणजे तुझ्या आईचे, गुडघे तेवढे धड नाहीत. ते आता देवाचंही ऐकत नाहीत, असं ती स्वतःच म्हणते. बाकी ती ठणठणीत आहे. आज चर्चमध्ये पाद्रीबाबांचा सूर चुकला तेव्हा अख्ख्या चर्चला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने खाकरली.

फोन करता आला असता. पण तुमच्याकडे फोन लावला की तो स्पीकरवर असतो, आणि मी इथे शिंकले तरी तिकडे बेटावर नेइआफूच्या बाजारात दुसऱ्या दिवशी माझ्या तब्येतीची चौकशी सुरू होते. म्हणून पत्र. लग्नाचं पिंप भरायला घेतलंय, ते पुढच्या आठवड्यात बोटीवर चढेल. पत्र साबणाच्या वड्यांखाली ठेवते. मांसाचे डबे वर आहेत, त्यामुळे पोरं तिथेच अडकतील, खाली हात घालणार नाहीत. लेसिएलीच्या पांढऱ्या चपला पिठाच्या पिशवीशेजारी आहेत. थोड्या सैल वाटल्या तर पुढे कापूस घाल. तिचं माप तू सांगितलंस ते तिचं होतं की तुझं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं विचारशील तर थकलेय गं. तुम्ही तिकडे अभिमानाने सांगता ना, आमची लोसा ऑकलंडला नगरसेविका आहे म्हणून? मोठ्या सभागृहात बसणारे वेगळे. मी वॉर्डाच्या मंडळात. मागच्या महिन्यात आमची एक अख्खी दुपार कुत्र्यांना किनाऱ्यावर किती वाजेपर्यंत मोकळं सोडायचं यात गेली. एक झाड तोडायचं की त्याखालची गाड्यांची जागा सोडायची, यावर दोन बैठका. प्रत्येक ठरावाला निम्मे लोक हो म्हणणारे, निम्मे नाही म्हणणारे, आणि दोघंही मला शनिवारच्या बाजारात तारोच्या कंदांच्या ढिगापाशी गाठतात. हो म्हटलं तर तू गोऱ्यांची झालीस, नाही म्हटलं तर निवडून कशाला दिलं. मी आता भाजी आणायला पेनीला पाठवते. नवरा चांगला मिळालाय, तो सगळ्यांना "सांगतो तिला" म्हणतो आणि मला काहीच सांगत नाही.

लिहायचं होतं ते असं. चर्चमागचा लांबलचक हॉल तुला आठवत असेल. मागल्या खेपेला आलीस तेव्हा तिथेच आत्याच्या बायकांबरोबर बसून तू झाडाच्या सालीचं कापड रंगवलं होतंस, आणि तपकिरी बोटांनीच विमानात बसलीस. तो हॉल सरकारी आहे हे आपण सगळे इतकी वर्षं विसरूनच गेलो होतो. त्यात भिंती घालून तीन खोल्या करायचा ठराव आला. एका खोलीत तान्ह्या मुलांचा दवाखाना, दुसरीत बालवाडी, तिसरी लहानसहान बैठकांना.

खोल्या झाल्या की कापड पसरायचं कुठे? साली कुटणं, चिकटवणं घरोघरी होतं, रंगाचे हात बाकाभोवती बसून देता येतात. पण शेवटच्या काळ्या रेघा ओढायला कापड पूर्ण उलगडावंच लागतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेसिएलीच्या लग्नाचं कापड त्या हॉलच्या लांबीचं धरूनच सुरू केलं होतं. नातीच्या लग्नात या हेपिसिपाचं कापड कोपऱ्यात घडी करून ठेवण्यासारखं असणार नाही, असं आत्या वर्षभर सगळ्यांना ऐकवत होती.

ठरावावर लोकांनी येऊन बोलायचं असतं. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटा. बायकांनी आत्याला पुढे केलं. महिनाभर ती इंग्रजीत भाषण पाठ करत होती, आंघोळ करताना, भांडी घासताना. मला मात्र ऐकू देईना. मी खोलीत गेले की गप्प व्हायची आणि भाकरीच्या पिठाबद्दल विचारायची.

गेल्या मंगळवारी बैठक झाली. आत्या कमरेला तिच्या लग्नातली चटई, मानाच्या प्रसंगी बांधतात ती, बांधून आली होती. आधी एक तरुण आई बोलली, आपल्यातलीच, हापाई बेटावरची. बाळाला टोचायला दोन बस बदलून जावं लागतं, तेही पावसात, असं सांगताना ती रडली. मग आत्या उठली. आमचे अध्यक्ष हॉजकिस मोठे सज्जन. "मालो ए लेलेई" म्हणून तिला नमस्कार केला, तोही भलत्याच अक्षरावर जोर देऊन. आत्याने तो गोड मानून घेतला.

आणि मग ती बोलली. अध्यक्षांपासून चहा देणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांचा नाव घेऊन मान केला. त्यातच निम्मा वेळ गेला. मग म्हणाली, "आम्ही म्हाताऱ्या बायका. आमचं काम ते काय, झाडाची सालपटं कुटायची. हा हॉल जुना, गळका. आमचं कापड तर त्याहून हलकं. तुमच्या एवढ्या मोठ्या कामापुढे आमच्यासारख्यांनी जागा अडवून बसणं शोभत नाही. तुम्ही शहाणी माणसं. तुम्ही द्याल ते आम्हाला गोड." तेवढ्यात घंटा वाजली. ती वाकली, आणि आपलं काम झालं अशा समाधानाने जाऊन बसली.

तिला खरं काय म्हणायचंय ते मला कळलं, ताई. तू समजशील. आपल्याकडे डुक्कर भाजून नेलं तरी "हे हाडकुळं पिल्लू" म्हणून पुढे ठेवायचं, ही रीतच आहे. पण हॉजकिसला काय कळणार? त्याला वाटलं म्हातारी मोठ्या मनाची. तो म्हणाला, "फार उदार बोललात. म्हणजे तुमच्या गटाचा ठरावाला पाठिंबा धरायचा ना?" आणि माझ्याकडे बघितलं. सभागृहात टाळ्या पडल्या.

मी काही बोलले नाही. आत्याच्या बोलण्यावर भाचीने चार लोकांत बोलायचं? वडिलांची बहीण ती. माझे वडील जिवंत असते तर तेही तिच्यासमोर तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करते. मी मूग गिळून बसले. ठराव मंजूर झाला.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "टाळ्या वाजवल्या लोकांनी." मला वाटतं, तिची समजूत आहे की हॉल वाचला. पाच दिवस झाले, मी तिला सांगितलेलं नाही. ती रोज रंग उकळते आणि मी रोज कामाचं निमित्त काढून बाहेर पडते. जानेवारीत सुतार येणार, पण सामान या महिन्याअखेरच हलवायचंय. उद्या सांगते तिला. पिंप अजून बंद केलेलं नाही, तोवर पत्रही उघडंच ठेवते.


गुरुवार, १६ ऑक्टोबर

सेलाताई,

सांगितलं काल. तिने रंगाच्या भांड्याखालचा गॅस बारीक केला आणि म्हणाली, "ठाऊक आहे. मला ऐकू येतं की. गुडघे गेलेत, कान नाही."

मी म्हटलं, "आत्या, त्यांना आपली रीत कळली नाही. त्यांना तुझं बोलणं खरंच वाटलं."

"त्यांना कशी कळेल? त्यांच्यासाठी मी बोललेच नव्हते."

मग मला समोर बसवलं. तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते, कारण माझ्या शब्दांवर माझा सध्या भरवसा नाही.

"देणारा आपलं सामान हलकं म्हणतो. मग पलीकडच्या बाजूचं माणूस उठतं आणि ते वर उचलतं. वा, केवढं मोठं आणलंत म्हणतं. हे पोरीटोरींनाही माहीत आहे. मी अर्धं बोलले. उरलेलं अर्धं तुझं होतं. आपलं माणूस टेबलाच्या पलीकडे बसलंय, म्हणून तर मी निश्चिंत होते."

ती पुढे म्हणाली, "मला नाही म्हणता येत नव्हतं होय? आधी नकारच पाठ करत होते. मग बाळांना टोचणाऱ्या नर्सबाईंनी चर्चमध्ये सांगितलं, तुमच्या भाचीने किती छान ठराव आणलाय. म्हटलं झालं. आता तिच्याविरुद्ध मी चार गोऱ्यांसमोर बोलू? सगळं भाषण बदललं. मीच वाकले, म्हणजे तुला न वाकता उचलता येईल. तू म्हणायचंस, नाही, यांचं काम मोठं आहे, भिंती सरकत्या ठेवा. सकाळी बाळं, संध्याकाळी म्हाताऱ्या. मला काय दवाखाना नकोय? माझी पोरं नव्हती कधी आजारी?"

वाचलंस ना, ताई. ठराव "आला" असं मी वर लिहिलंय. तो मी आणला. निवडणुकीत दवाखाना देईन म्हणून घरोघरी सांगत फिरले होते, दोन वर्षं त्यासाठी लोकांचे उंबरे झिजवले. आत्याला मात्र घरात एका शब्दाने विचारलं नाही, कारण तिने नको म्हटलं असतं तर माझे हातपाय बांधले गेले असते. तिच्या बोलण्यावर मी बोलू शकत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आणि गप्प बसले हेही खरं नाही. हॉजकिसने माझ्याकडे बघून विचारलं, "लोसा, बरोबर ना?" मी मान हलवली. हो म्हणून. आत्या समोर बसून बघत होती. मंडळी सकाळपासून बसलेली, तीन ठराव अजून बाकी, माझं डोकं ठणकत होतं, आणि आत्याचा पाठिंबा आयता हातात पडला होता. चला, भांडण मिटलं, एवढंच माझ्या मनात आलं. मग आठवडाभर मी स्वतःला समजावत राहिले की मी मानामुळे गप्प बसले. रीत फार सोयीची असते गं, तिच्या आड माझ्याएवढी धिप्पाड बाईसुद्धा मावते.

दवाखाना हवाच आहे. आजही मी हेच म्हणेन. त्या हापाईच्या पोरीचं रडणं खोटं नव्हतं. पण सरकती भिंत मला सुचली नाही असंही नाही. कागदावर होती ती. तिला वेळ लागला असता, पुन्हा एक बैठक, पुन्हा लोक, पुन्हा घंटा. काल रात्री हॉजकिसला फोन करून विचारलं, काही करता येईल का. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "पण तुझ्या आत्याच तर हो म्हणाल्या, आणि तूही." मंजूर झालेली गोष्ट अशी कोणाच्या घरगुती कारणाने उलटत नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

आत्या रागावली असती तर बरं झालं असतं. तिने आज सकाळी बायकांना बोलावलं. पेनीने गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, फरशी धुतली. कापड गॅरेजमध्ये मावेल तेवढंच करायचं ठरलंय, म्हणजे अर्ध्याहून कमी. उरलेल्या साली बायका वाटून घेतील. सिसिलियाने, ती आत्याची जुनी मैत्रीण, माझ्याकडे बघितलंही नाही. मी चहा नेला तर "मंडळाच्या बाईंनी कशाला त्रास घेतला" म्हणाली. आत्याने तिला गप्प केलं. मला ते जास्त लागलं.

संध्याकाळी आत्याने शेवटचं सांगितलं. डिसेंबरमध्ये लग्नाला ती येणार नाही. गुडघ्यांचं कारण सांगेल, तू खरं मान. तिच्याऐवजी कापड घेऊन मी यायचं. मी म्हटलं, माझ्याबरोबर कोणी मोठं माणूस पाठव, बोलायला. ती म्हणाली, "तूच बोल. तुला मंडळात बोलायची सवय आहे."

तर मी येतेय. तुझ्या अंगणात, दोन्हीकडच्या लोकांसमोर, कापड खाली ठेवून मला म्हणायचंय की हेपिसिपाच्या घरून आलेलं हे फार थोडं आहे, लहान आहे, तुमच्या लेकीच्या योग्यतेचं नाही. आजवर हे शब्द म्हणताना कधी जड गेलं नाही, कारण ते खोटे असायचे. या वेळी कापड उलगडल्यावर सगळ्यांना दिसेल की ते खरे आहेत.

तुमच्या बाजूने उठून उत्तर कोणी द्यायचं, ते तू ठरवशील. आत्याची मुलगी आहेस, तुझा मान माझ्याहून मोठा, आणि आता तुला सगळं माहीत आहे. कोणालाच उठू दिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. मी बोलून झाल्यावर तिथेच बसून राहीन.

तुझ्या मामाची लेक,
लोसालिने