तळघरावर तक्तपोशी की स्लॅब: चौथा अर्ज

प्रति,
मा. इमारत निरीक्षक,
लोन स्प्रूस ग्रामीण नगरपालिका, मॅनिटोबा

विषय: चार भिंती उभ्या असून मधली जमीन नसलेल्या घरास मंजुरी मिळण्याबाबत.
संदर्भ: आपली तीन नकारपत्रे.

महोदय,

आपण माझे सख्खे थोरले भाऊ आहात, ही बाब या अर्जात विचारात घेऊ नये. मीही घेत नाही, नाहीतर भाषा वेगळी असती.

१. फोमच्या पोकळ ठोकळ्यांत काँक्रीट ओतून माझ्या तळघराच्या भिंती गेल्या वर्षीच उभ्या राहिल्या. त्यांच्या माथ्याला मजल्याचा आधार मिळेपर्यंत बाहेर माती भरायची नाही, हा आपलाच दंडक. त्यामुळे घराभोवती खंदक आहे. जूनमध्ये त्यात शेजारच्या पान्कोचे डुक्कर पडले. अग्निशामक दल आले. डुक्कर निघाले, दलप्रमुख अडकले.

२. मी प्रथम लाकडी तुळया व तक्तपोशी मागितली. आपण लिहिलेत, मजला उसळेल, वर कोणी चालले की कपाटातल्या बश्या वाजतील. मग मी काँक्रीटच्या तयार फळ्या मागितल्या. तो अर्ज आपण बर्फ वितळेपर्यंत दाबून ठेवलात आणि मग कळवलेत की बर्फ वितळताना कच्च्या रस्त्यावर क्रेनला बंदी असते. धन्य आहे!

३. तिसऱ्यांदा मी जागेवर ओतायचा स्लॅब मागितला. इंजिनिअरचा शिक्का होता, गणिते होती, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तरी आपला शेरा आला: "स्लॅबखाली झोपणाऱ्या वृद्ध व्यक्तीस वर कोणी असल्याची चाहूल लागणार नाही." मी नियमावली दोनदा चाळली. चाहूल नावाचे कलम त्यात नाही.

४. ती वृद्ध व्यक्ती म्हणजे आपली आई. ती सध्या आपल्याकडे राहते आणि मजला झाला की माझ्याकडे येणार आहे. रविवारी वारेनिकी खाता खाता मी तिला तो शेरा वाचून दाखवला, तेव्हा आपण लोणच्याची बरणी आणायला म्हणून गेलात ते अर्धा तास आला नाहीत. आई म्हणाली, "अगं, हा साहेब नाही बोलत, आपला झेनॉन बोलतोय. बायको गेल्यापासून त्या घरात त्याला चाहूल लागते ती माझ्याच काठीची. मेला तोंडाने सांगेल तर शपथ!"

५. नोव्हेंबरात माती गोठेल. मग खंदक भरणे थेट उन्हाळ्यात. आई सत्त्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या हाती पुढचा उन्हाळा आहेच असे धरून चालणारे कलम असल्यास क्रमांक कळवावा.

६. सबब मी पुन्हा लाकडी तुळयाच मागते. बश्या वाजू देत. आईलाही तेच हवे आहे, वर कोण उठले, कोण आले, ते तिला खाटेवरून कळले पाहिजे.

७. दादा, आता नीट ऐक. नकाशात आईच्या खोलीला लागून 'साठवण' म्हणून एक खोली आहे. तिला दोन खिडक्या कशाला, असं तू तिन्ही वेळा लाल शाईत विचारलंस. तिथे तुझं नाव लिहिलं असतं तर तू नकाशाच फाडला असतास, म्हणून नाही लिहिलं. सही कर आणि सामान बांध.

आपली नम्र,
दार्का कुश्नीर
दि. ९ ऑक्टोबर

सोबत:
तुळयांचा तक्ता.
आपली तीन नकारपत्रे, एकावर बीटाच्या सुपाचा डाग (आईकडून).
साठवणीच्या खोलीची किल्ली. दार अजून बसायचे आहे.