ताईनं माईकवर सांगितलं ते

४ मार्च

चि. टिल्लूस,
ताईचे अ. उ. आ.

साठी उलटली तरी तुला टिल्लूच म्हणणार, इलाज नाही. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. या कंपवातानं माझा आवाज इतका खाली नेलाय, की फोनवर तू दर वाक्याला काय, काय करतोस आणि मग आपण दोघंही चिडतो. एकतीस वर्षं बसस्थानकाच्या माईकवर बसून मी गाड्या सोडल्या, आणि आता समोरच्या दुकानदाराला अर्धा किलो कांदे ऐकू जात नाहीत.

पण बातमी चांगली आहे. महिनाभर एका गृहस्थांची पूड घेतेय. कसल्याशा बियांची, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. सगळे त्यांना सर म्हणतात. दहा दिवसांत फरक पडला. स्वेटरची बटणं माझी मी लावते. परवा जिन्यात शेजारीण मागून हाका मारत आली, इतकी मी भरभर उतरत होते. आवाजही बराच सुटलाय.

आता रागावू नकोस. सर म्हणतात, डॉक्टरांच्या गोळ्या पहिल्या आठवड्यातच सोडा. माझा धीर झाला नाही. त्यांना मात्र सोडल्या म्हणून सांगितलंय. आणि डॉक्टरांना पुडीचं सांगितलेलं नाही. डॉक्टरांना तसं बरंच सांगितलेलं नाही. डिसेंबरपासून गोळीचा जोर वेळेआधीच ओसरतो. पण हे मी बोलले की ते तीन गोळ्यांच्या चार करतील, आणि चार झाल्या म्हणजे आजार एक पायरी पुढे गेला. ते ऐकायला नको वाटतं.

रविवारी शाळेच्या सभागृहात सरांची सभा आहे. तिथे मी माझा अनुभव सांगायचाय. किती दिवसांनी हातात माईक!

लोभ आहेच, या पत्रानं तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

८ मार्च

ती. ताईस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं. दुकानाचं शटर अर्धं ओढून काउंटरवरच लिहितोय. चाळीस वर्षं औषधं विकली, लोकांच्या हातात नाना पुड्या पाहिल्या. बहुतेक नुसता भुसा. तुझी पूड भुसा नाही, तीच मला धास्ती. अशा एका जातीच्या बियांत तुझ्या गोळीतलंच द्रव्य असतं. तुला गुण आला तो भास नाही. तू कुणाला न विचारता डोस वाढवून घेतलायस, आणि किती ते तुला माहीत नाही, त्या सरांनाही नाही.

गोळीत जोडीला आणखी एक औषध असतं. ते पहिल्याला वाटेत वाया जाऊ देत नाही, मेंदूपर्यंत पोचवतं. नुसत्या पुडीत ते नाही. गोळ्या चालू आहेत म्हणून तुझी पूड एवढी लागू पडली. उद्या कुणी गोळ्या एकदम तोडून नुसत्या पुडीवर राहिला, तर लाकडासारखा आखडेल, ताप चढेल, जिवावरही बेतेल.

तेव्हा रविवारी बोलू नकोस, ताई. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांग. आणि मला खरं लिही : मान किंवा हात आपोआप वळवळतात का? नसलेलं काही दिसतं का?

रागावलोय, पण प्रेमात खोट नाही.
तुझा,
टिल्लू

१२ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल आलं. रविवारी मी बोलून बसले होते.

दीडशे माणसं असतील. मी म्हटलं, या पुडीनं मला उभं केलं. टाळ्या झाल्या. सरांनी पुढे जोडलं, की बाईंनी सगळ्या गोळ्या सोडल्या आहेत. मी गप्प राहिले. नंतर जिन्याशी आमच्या कंपवातवाल्यांच्या व्यायामाच्या वर्गातले ग्रंथपाल थांबले होते. शांत, दर गोष्टीचा पुरावा मागणारा माणूस. त्यांनी विचारलं, की खरंच एकही गोळी घेत नाही का. मी मान हलवून नाही म्हटलं. बाईंचा शब्द म्हणजे झालंच, असं म्हणून ते बायकोचा हात धरून उतरले. ती मात्र वळून वळून माझ्याकडे बघत होती.

तू विचारलंस तेही सांगते. संध्याकाळी मान आणि खांदा साप वळवळावा तसे वळवळतात. आणि चार दिवस झाले, बाहेरच्या खोलीत भिंतीलगत माणसं बसलेली दिसतात. मांडीवर पिशव्या घेऊन, गाडीची वाट बघत. काही बोलत नाहीत. मी दिवा लावला की जातात. मला फार भीती वाटते रे.

माया असू दे, आज तिची गरज आहे.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सकाळपासून तुझा फोन लागत नाही. हे वाचलंस की चपला घाल आणि ग्रंथपालांच्या घरी जा. फोनवर ऐकू आलं नाही तर काय घ्या, प्रत्यक्षच जा. तू गोळ्या सोडल्या नव्हत्यास, एवढं एकच वाक्य सांग. तिथून थेट तुझ्या डॉक्टरांकडे. लाज मागाहून वाटून घेऊ, दोघं मिळून.

टिल्लू

२० मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तशीच निघाले. त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सकाळीच दवाखान्यात नेलं.

गोळ्या सोडल्यापासून आठव्या दिवशी ग्रंथपाल आखडले. अंगात एकशे चार ताप, दातखीळ बसलेली, बायकोला ओळखेनात. मी वॉर्डाबाहेर तिला गाठून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ओरडली नाही. म्हणाली, की रात्रंदिवस त्यांच्याशी भांडले, गोळ्या घ्या म्हणून विनवलं, पण ते तुमचंच नाव घेत राहिले. आता पुन्हा तोंड दाखवू नका.

तिथूनच डॉक्टरांकडे गेले आणि पहिल्यांदा काही लपवलं नाही. त्यांनी विचारलं, आधी का बोलला नाहीत. वेळा बदलून, चौथी गोळी देऊन भागलं असतं. एवढंच होतं ते, टिल्लू. पूड बंद केलीय. नव्या वेळा बसेपर्यंत पाय जड आणि आवाज पार गेलाय. बाहेरच्या खोलीतली माणसं मात्र कमी झालीत.

या रविवारी सरांची पुन्हा सभा आहे. मी जाणार. अडवू नकोस.

तुझ्या लोभाच्या भरवशावर,
ताई

२४ मार्च

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

सरांना वाटलं कौतुक करायला आलेय, म्हणून माईक दिला. मी म्हटलं, मी गोळ्या सोडल्या नव्हत्या, मी खोटं बोलले. पण आवाज तिसऱ्या रांगेपुढे जाईना. मागून मोठ्यानं, मोठ्यानं असा गलका झाला. सरांनी माईक हळूच काढून घेतला आणि हसत म्हणाले, की बाईंनी पूड सोडली, बघा काय दशा झाली. लोक माना डोलवायला लागले. मला निघून जायचं होतं, तर पाय जमिनीला चिकटलेले.

तेवढ्यात मधल्या वाटेनं ग्रंथपालांची बायको आली. ती तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, की बोला. मी एक वाक्य बोलायची, ती तेच खणखणीत आवाजात सभागृहाला ऐकवायची. मी खोटं बोलले, हेसुद्धा. शेवटी नवरा कुठल्या वॉर्डात आहे ते तिनं आपणहून सांगितलं. सर कागद आवरत होते. काही लोक तरीही पुडीसाठी त्यांच्याच रांगेत उभे राहिले. नऊ जण बाहेर आमच्यापाशी आले. गोळ्या सोडलेल्या दोघांना आम्ही तडक डॉक्टरांकडे धाडलं.

मग पायऱ्यांवर तिनं माझी पुढची गोळी कधीची ते विचारलं. वेळ टळली होती. तिनं पाणी दिलं. गोळी चढेपर्यंत पाऊण तास आम्ही शेजारी बसलो. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

ग्रंथपालांचा ताप उतरलाय. माणसं ओळखतात, पण उठून बसवायला दोघं लागतात. पहिल्यासारखे चालतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. पुढच्या आठवड्यात गुरुवारी ग्रंथपालांनी मला भेटायला बोलावलंय. काय विचारणार ते बायकोलाही सांगितलेलं नाही. मी जाणार आहे, पण त्या दारातून एकटीनं आत जायचा धीर नाही. बुधवारपर्यंत ये.

वाट बघतेय,
ताई